जिनिव्हात आपली पत्रिका कोण मांडतं? सोलापूरचं पाणी, विडी आणि संयुक्त राष्ट्रांची समिती

कापडपेठ (धागाकर्ता)

मानवी हक्क म्हटलं की आपल्याकडे गाडी पोलीस कोठडीपाशी नाहीतर भाषणस्वातंत्र्यापाशी थांबते. पाणी, मजुरी, पेन्शन, घर यांना आपण 'नागरी समस्या' म्हणतो आणि निवेदन देऊन, फोटो काढून घरी येतो. पण या गोष्टींवरही एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारत त्याला बांधील आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा हा करार संयुक्त राष्ट्रांनी 16 डिसेंबर 1966 ला मंजूर केला, 1976 मध्ये तो अमलात आला आणि भारत 10 एप्रिल 1979 ला त्यात सामील झाला. मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते. कोणी डोक्यावर बंदूक ठेवून सही घेतली नव्हती.

कलमं वाचली तर सोलापूरच्या पूर्व भागाची यादी वाचतोय असं वाटतं. सहावं कलम काम मिळण्याचं, सातवं न्याय्य मजुरी आणि कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीचं, आठवं युनियनचं, नववं सामाजिक सुरक्षेचं, अकरावं अन्न-वस्त्र-घराचं, बारावं आरोग्याचं. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा, घरात सुपात पानं घेऊन विड्या वळणारी बाई, पाण्यासाठी पहाटे उठणारं घर, सगळे यात बसतात.

करार पाळला जातो की नाही हे बघायला जिनिव्हात अठरा तज्ज्ञांची समिती आहे. देशांनी ठरावीक वर्षांनी तिच्याकडे अहवाल द्यायचा, समितीने प्रश्न विचारायचे, शेवटी लेखी निष्कर्ष द्यायचे, अशी पद्धत.

माझा प्रश्न असा: त्या अहवालात सोलापूर कुठे येतं? आणि येत नसेल तर आपल्याला त्याचा उपयोग काय? जाणकारांनी लिहावं. 'सगळे चोर आहेत' हा प्रतिसाद आधीच गृहीत धरला आहे, तो कृपया टंकू नये.

सात_रस्ता

सगळे चोर आहेत.

(टंकला. आता विषयावर बोलतो.) जिनिव्हातला साहेब येऊन आमच्या गल्लीत पाणी सोडणार आहे का बे? आमच्याकडे पाणी कधी येणार हे चावीवाल्याला माहीत, नाहीतर देवाला. ज्या अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे तिने या करारावर 1977 ला सही केली आणि आजतागायत तो मंजूर केलेला नाही. मग आपणच का एवढे सोवळे?

भीमाकाठ

सात_रस्ता, अमेरिकेबद्दलचं बरोबर आहे. पण शेजाऱ्याने कर्ज घेतलं नाही म्हणून आपण घेतलेलं कर्ज माफ होत नाही.

मी काही वर्षं पुण्यात या क्षेत्रातल्या संस्थेबरोबर काम केलंय, म्हणून यंत्रणा कशी चालते ते सांगतो. जरा लांबेल.

करार 1976 ला लागू झाला तरी ही समिती 1985 च्या ठरावाने स्थापन झाली आणि 1987 पासून बसू लागली. सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात, देशाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे तर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून. आपले निवृत्त राजदूत चंद्रशेखर दासगुप्ता बरीच वर्षं सदस्य होते, 2019 पासून प्रीती सरन आहेत. स्वतःच्या देशाची तपासणी चालू असताना सदस्याने त्यात भाग घ्यायचा नसतो. त्यामुळे 'आपला माणूस आहे, सांभाळून घेईल' हा हिशेब तिथे चालत नाही.

देशाचा अहवाल गेला की समिती आधी प्रश्नांची यादी पाठवते. सरकार लेखी उत्तरं देतं. मग शिष्टमंडळ जिनिव्हात जाऊन समितीसमोर बसतं आणि प्रश्नोत्तरं होतात. खरी मेख इथे आहे: सरकार आपल्या अहवालात योजनांची नावं आणि तरतुदींचे आकडे देतं, पण त्याच वेळी संस्था, संघटना, मानवाधिकार आयोग आपापले समांतर अहवाल पाठवू शकतात. सदस्यांच्या हातात दोन्ही गठ्ठे असतात. समोरचा अधिकारी म्हणतो 'सर्व कामगारांना संरक्षण आहे', तेव्हा सदस्य समांतर अहवालातलं पान उघडून विचारतो की मग घरी बसून काम करणाऱ्यांचं काय. न्यायालयातली उलटतपासणी नसते, पण उत्तर टाळलं की ते सगळ्यांना दिसतं, कारण बैठक जाहीर असते.

आता भारताची पत्रिका. आपण दुसरा ते पाचवा असे चार अहवाल एकाच गठ्ठ्यात दिले. त्यांची तपासणी मे 2008 मध्ये झाली. त्या निष्कर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल तीव्र चिंता होती, असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा मुद्दा होता, हाताने मैला उपसण्याचा होता, जबरदस्तीने घरं उठवण्याचा होता. आणि पुढचा, म्हणजे सहावा अहवाल 30 जून 2011 पर्यंत द्या असं लिहिलं होतं. तो त्या मुदतीत गेला नाही आणि पुढे वर्षानुवर्षं थकीत यादीतच राहिला.

म्हणजे धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सोलापूर अहवालात कुठे येतं हा पुढचा मुद्दा, आधी अहवालच अडकून पडलाय.

सात_रस्ता

हे म्हणजे पोराने प्रगतिपुस्तकच शाळेतून आणलं नाही, आणि आपण मार्कांवर चर्चा करतोय.

अहवाल दिला नाही तर काय करतात? दंड? नोटीस?

भीमाकाठ

दंड नाही. स्मरणपत्रं जातात. अहवालाशिवाय तपासणी करायचा अधिकार समितीने स्वतःकडे ठेवलाय आणि 1993 मध्ये केनियाच्या बाबतीत तो वापरलाही. पण एका अधिवेशनात मोजकेच देश घेता येतात, ज्यांनी अहवाल दिलेत त्यांचीच रांग मोठी असते. न देणाऱ्याचं बरंच दिवस खपून जातं ते असं.

वकीलबाई

दोन गोष्टींची भर घालते. एक निराश करणारी, एक उपयोगाची.

निराश करणारी आधी. या करारासोबत एक ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) आहे. तो 2008 मध्ये मंजूर झाला आणि मे 2013 मध्ये लागू झाला. तो स्वीकारलेल्या देशातल्या माणसाला आपल्या देशातले न्यायालयीन मार्ग संपले की थेट समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येते. माद्रिदमधल्या एका कुटुंबाला दोन लहान मुलांसह भाड्याच्या खोलीतून काढलं होतं, ते समितीकडे गेले आणि 2017 मध्ये स्पेनने त्यांच्या घराच्या हक्काचा भंग केला असा निष्कर्ष निघाला. भारताने हा पूरक करार स्वीकारलेला नाही. तेव्हा सोलापुरातून कुणी जिनिव्हाला तक्रारअर्ज धाडला तर तो नियमातच बसणार नाही. 'यूएनमध्ये केस टाकतो' म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा.

आता उपयोगाची. मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 काढून बघा. त्यात 'मानवी हक्क' कशाला म्हणायचं ते दिलंय: जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित असे हक्क, जे राज्यघटनेने दिलेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि जे भारतीय न्यायालयांत बजावता येतात. आणि 'आंतरराष्ट्रीय करार' म्हणजे कोणते, तर त्यांत हा करार नावानिशी आहे. म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करताना कोठडीतल्या मारहाणीचीच तक्रार हवी असं मुळीच नाही. पाणी, आरोग्य, मजुरी यांवरही अर्ज होतो. आयोगाकडे वकील लागत नाही, फी लागत नाही. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, त्यानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही. पक्षकारांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते, कारण निम्मे लोक निवेदनं देण्यातच ते वर्ष घालवतात.

'न्यायालयांत बजावता येतात' या अटीवर सरकारी वकील अडवतात, हेही सांगून ठेवते. त्यांचं म्हणणं असं की घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं कलम 37 प्रमाणे न्यायालयात मागता येत नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयाने गेल्या चार दशकांत कलम 21 मधल्या जीविताच्या हक्कात उपजीविका, निवारा, आरोग्य, पाणी एकेक करून आणून बसवलंय. 1985 चा ओल्गा टेलिस निकाल उपजीविकेच्या हक्कासाठी सगळे सांगतात. त्याच निकालाने मुंबईतल्या फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला अखेर मुभा दिली होती, ते मात्र कुणी सांगत नाही.

विडीघरकुल

इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी अम्मा लग्न होऊन आल्यापासून विड्या वळते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो आणि त्यात हजार विड्या बसल्या पाहिजेत असा हिशेब. पानं भिजवून कापायला घेतली की कळतं त्यात भोकाची किती, फाटकी किती. कमी पडली तर हजाराचा आकडा भरायला बाजारातून पान विकत आणायचं, पदरच्या पैशांनी. दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेलं की तपासणारा बंडल हातात घेतो, अंगठ्याने दाबून बघतो, तोंडाची घडी बघतो, आणि छाट काढतो. छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. पुस्तकावर त्या दिवशी आकडा कमी लिहिला जातो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, सगळीकडे कमीजास्त हेच आहे.

लहानपणी मी आणि बहीण शाळेतून आलो की विड्यांची तोंडं मोडायला बसायचो. कुणी 'बालमजुरी' म्हटलं असतं तर अम्मा हसली असती, घरातलं काम आहे म्हणाली असती. मजुरी हजारावर ठरलेली, मग घरातले जितके हात लागतील तितके हजार लवकर होतात. मजुरी एकीच्या नावावर, काम चौघांचं.

आता तिची बोटं वळत नाहीत. पेन्शन महिना हजार रुपये. वर धागाकर्त्यांनी नववं कलम सामाजिक सुरक्षेचं म्हणून लिहिलंय. त्या हजाराला सुरक्षा म्हणतात का, एवढं मला तुमच्या समितीला विचारायचंय.

कापडपेठ (धागाकर्ता)

विडीघरकुल, लिहिलंत ते फार बरं केलंत. शुद्धलेखनाची काळजी नको, इथले काही जण तीस वर्षं मराठी शाळेत शिकवूनही 'आणि' चुकवतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर समितीने खरंच लिहिलंय. करारातल्या एकेका हक्काचा अर्थ काय, ते समिती 'सामान्य टिप्पणी' या नावाने काढते. सामाजिक सुरक्षेवरची टिप्पणी क्रमांक 19 ची आहे, 2008 सालची. तिचं म्हणणं असं की नुसती योजना असून भागत नाही, मिळणारी रक्कम माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला नीट जगता येईल इतकी आणि गरज असेल तितक्या काळासाठी हवी. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान हजार रुपयांची रक्कम सप्टेंबर 2014 पासून आली आणि ती महागाईशी बांधलेली नाही. म्हणजे दरवर्षी महागाईने तिची किंमत घटत जाते. समितीच्या भाषेत ही माघार आहे. हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करायची सवलत करारात देशांना दिलीय, पण आहे त्यापेक्षा मागे जायचं असेल तर सरकारला सबळ कारण द्यावं लागतं.

मला या सगळ्या यंत्रणेतली ही एकच गोष्ट भारी वाटते. आपल्याकडे मंत्री म्हणतात 'योजना सुरू आहे'. इथे विचारतात 'पाच वर्षांपूर्वी कुठे होतात, आज कुठे आहात'.

वकीलबाई

घरून काम करणाऱ्या विडी कामगार 'कामगार'च नाहीत, त्या स्वतंत्र धंदा करतात, हा मालकांचा जुना युक्तिवाद. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगारांना धरलं आणि 1985 मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भविष्यनिर्वाह निधीही लागू असल्याचं सांगितलं. न्यायालयाने आधार काय घेतला माहितीये? छाट. माल नाकारायचा अधिकार मालकाच्या हातात आहे म्हणजेच कामावर त्याचं नियंत्रण आहे, आणि नियंत्रण आहे म्हणजे नोकरीचं नातं आहे. ज्या छाटीने अम्मांचे पैसे कापले, तिनेच कागदावर त्यांना कामगार ठरवलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामावरचा, म्हणजे घरून वस्तू बनवून देणाऱ्यांचा, 1996 चा एक करार आहे, क्रमांक 177. भारताने तो मान्य केलेला नाही. बालमजुरीवरचे दोन मूलभूत करार मात्र 2017 मध्ये केले.

उजनी117

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पाणी रोज का येत नाही यावर इथे शिव्या पडतील, त्याआधी यंत्रणा समजून घ्या.

शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीवरून थेट जलवाहिनी, भीमा नदीवर टाकळीला उपसा, आणि हिप्परग्याचा तलाव. उजनीचं धरण 117 टीएमसीचं म्हणून मिरवतो, पण त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. नदीतून टाकळीला पाणी यायचं तर धरणातून पात्रात सोडावं लागतं, आणि वाटेत ते जिरतं, उपसलं जातं, तापतं. शहराला हवं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी खर्ची पडतं. म्हणून तर समांतर जलवाहिनी, सुमारे 110 किलोमीटरची, 170 दशलक्ष लिटर रोजची.

पण लोकांना वाटतं पाइप आला की रोज पाणी. तसं नसतं. पाणी शहरापर्यंत आणणं वेगळं आणि घरापर्यंत नेणं वेगळं. उंच टाक्या पुरेशा हव्यात, वितरणाच्या जुन्या नळ्या बदलायला हव्यात, गळती थांबायला हवी. आज शहर भागाभागांत वाटलेलं असतं, एका भागाची पाळी झाली की दुसरा. पाळीच्या तासात सगळे मोटार लावून ओढतात, शेवटच्या घराला गुळणीपुरतंही राहत नाही. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते, दाब उणे होतो, आणि गटाराशेजारी जिथे फट असेल तिथून घाण आत ओढली जाते. पाळीच्या सुरुवातीला गढूळ येतं ते यामुळेही. हे शंभर टक्के सुटण्यासारखं आहे, पण त्याला पैसा आणि सलग दहा वर्षं एकच धोरण लागतं. जिनिव्हाची समिती यात काय करणार?

भीमाकाठ

काका, तुमच्या प्रतिसादात समितीला लागणारा निम्मा मजकूर आहे!

पाण्यावरची टिप्पणी क्रमांक 15, नोव्हेंबर 2002. गंमत म्हणजे करारात पाणी असा शब्दही नाही. समितीने अकराव्या आणि बाराव्या कलमांतून तो हक्क काढला. तिच्या मते प्रत्येकाला पिण्याला आणि घरगुती वापराला पुरेल इतकं पाणी मिळालं पाहिजे, ते नियमित मिळालं पाहिजे, सुरक्षित असलं पाहिजे, शरीराला आणि खिशाला झेपेल असं असलं पाहिजे. नियमित म्हणजे चोवीस तास नळ असा हट्ट नाही. घरगुती गरजा भागतील इतक्या अंतराने यायला हवं.

आता हिशेब कसा लपतो बघा. मोठ्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी दररोज 135 लिटरचा निकष आहे. शहरात आणलेलं एकूण पाणी भागिले लोकसंख्या केलं की आकडा बरा दिसू शकतो. पण चार-पाच दिवसांआड पाणी येतं तेव्हा प्रश्न लिटरचा कमी आणि साठवणीचा जास्त. ज्याच्या घरी जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि मोटार आहे त्याला चार दिवसांआडचं पाणी रोजच्यासारखंच असतं. एका खोलीत राहणाऱ्याकडे दोन बॅरल आणि घागरी. त्याला तेच पाणी दोन दिवस पुरतं, तिसऱ्या दिवशी टँकर नाहीतर शेजार. आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणजे बारावं कलमही आलंच.

समिती याच कारणाने नुसती सरासरी स्वीकारत नाही. तिच्या अहवालाच्या मार्गदर्शक सूचनांत स्त्री-पुरुष, शहर-खेडं, वंचित गट अशी फोड करून आणि मागच्या पाच वर्षांशी तुलना करून आकडे मागितलेत.

उजनी117

फोड करून आकडे आम्ही कधी ठेवलेच नाहीत. टाकीत किती चढलं आणि किती उतरलं याची नोंद असते. कोणत्या गल्लीत कोणत्या घरी किती तास, ही नोंद चावीवाल्याच्या डोक्यात. तो रजेवर गेला की खातं आंधळं.

सात_रस्ता

मग चावीवाल्यालाच जिनिव्हाला पाठवा की. आमच्या पूर्व भागात आमदारापेक्षा त्याला मान जास्त आहे.

पण काका, ते मृतसाठ्याचं पटलं. उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशी बातमी आली की बायको बॅरल घासायला घेते.

रूपाभवानी_रोड

थोडा वेगळा सूर लावतो. सगळंच वाईट नाही. विडी कामगारांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते वाटप. तिथेच रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते दिली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, आणि मागे रेटा लाल बावट्याच्या युनियनचा, तिचे नेते आडम मास्तर यांचा. कुणा समितीने सांगितलं म्हणून नाही झालं. बायका मोर्च्यात चालल्या म्हणून झालं.

विडीघरकुल

खरं आहे. मी त्याच वसाहतीत वाढले, नाव बघा. अम्मा मोर्च्याला जायची तेव्हा विड्यांचं सूप बरोबर असायचं, रस्त्यावर बसल्या बसल्या वळायच्या सगळ्या.

स्वतःच्या नावाचं घर म्हणजे काय ते भाड्याच्या खोलीत ओल आलेलं पान वाळवणाऱ्याला विचारा. पण शहरापासून लांब, सुरुवातीला बस कमी, दवाखाना लांब. माल द्यायला आणि आणायला रिक्षाचे पैसे. काही जणी तेवढ्यासाठी परत शहरात भाड्याने गेल्या.

भीमाकाठ

रूपाभवानी_रोड, तुमचा मुद्दा मान्य. हक्क मोर्च्याने मिळतात, टिप्पणीने नाही. पण विडीघरकुल यांनी जे लिहिलं तेच घरावरच्या टिप्पणी क्रमांक 4 मध्ये आहे, 1991 सालापासून. डोक्यावर छप्पर आलं म्हणजे घराचा हक्क पूर्ण झाला असं ती मानत नाही. राहण्याची कायदेशीर खात्री, पाणी-वीज-सांडपाणी, परवडणारा खर्च, आणि जागा अशी की रोजगार, दवाखाना, शाळा आवाक्यात राहतील. रे नगरसारख्या प्रकल्पाला शाबासकी देताना हे प्रश्न विचारले तर प्रकल्पाचा अपमान होत नाही.

आणि फक्त हीच समिती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची इतर देशांकडून तपासणी होते. त्यात भारत 2008, 2012, 2017 आणि 2022 असा चारदा उभा राहिला. इथे अहवाल चुकवता येत नाही कारण सगळ्या जगासमोर खुर्ची रिकामी दिसते. पण तिथे देश देशांना सूचना करतात, राजकारण असतं, एका देशाला मोजकी मिनिटं मिळतात. विडीच्या छाटीपर्यंत कोण जाणार?

शिवाय विशेष प्रतिवेदक असतात, म्हणजे परिषदेने नेमलेले एकेका विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ. घराच्या हक्काचे पहिले प्रतिवेदक आपले मिलून कोठारी होते. पाण्याचे प्रतिवेदक लिओ हेलर 2017 च्या शेवटी भारतात आले होते. स्वच्छ भारतच्या गांधीजींच्या चष्म्याच्या बोधचिन्हावर ते म्हणाले, आता या चष्म्याला मानवी हक्कांची भिंगं बसवा. सरकार भडकलं, राष्ट्रपित्याबद्दल असंवेदनशीलता म्हणून. संडासांबरोबर पाणीही द्या, हा त्यांचा मुद्दा त्या गदारोळात वाहून गेला.

सात_रस्ता

म्हणजे थोडक्यात: अहवाल अडकलेला, तक्रारीचा रस्ता बंद, पाहुणा बोलला तर राग. मग मी पहिल्या प्रतिसादात काय वेगळं म्हणालो होतो?

कापडपेठ (धागाकर्ता)

वेगळं हे की मोजायची पट्टी तिथे तयार आहे, फुकट आहे, आणि ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. अहवाल दिल्लीने द्यायचा, तो देईल तेव्हा देईल. पण समांतर अहवालाला लागणारा मजकूर आधीच तयार नसेल तर तारीख लागेल तेव्हा धावाधाव होणार, आणि मुंबई-दिल्लीच्या संस्था त्यांच्या माहितीतल्या वस्त्यांवर लिहितील. 2008 च्या निष्कर्षांत समितीने ते समाजाच्या सर्व स्तरांपर्यंत पोचवा असं लिहिलं होतं. सोलापुरात ते कुणाला पोचले असतील तर हात वर करा. मी इथल्या दोन वाचनालयांत विचारलं, ग्रंथपालांनी चहा पाजला.

माझं म्हणणं असं: एका हक्कापासून सुरुवात करू. पाणी घ्यावं, कारण काकांसारखा माणूस धाग्यावर आहे. प्रभागवार मागच्या पाच वर्षांत किती दिवसांआड पाणी सोडलं, किती तास, गढूळ पाण्याच्या तक्रारी किती, पाण्याचे नमुने किती तपासले आणि किती नापास झाले, वैयक्तिक नळजोड किती घरांना नाही. हे मिळालं तर त्याच कागदांवर राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येईल, नगरसेवकाच्या दारातही, आणि कधी जिनिव्हाची तारीख लागलीच तर तिकडेही.

वकीलबाई

माहिती अधिकारात मागा, पण एका अर्जात सगळं कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. चार विषय घातले की अर्ज तेवढ्यावरून परत येतो आणि महिना जातो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. विषय वाटून चौघांच्या नावाने चार अर्ज करा. आणि 'पाणी का येत नाही' असं विचारू नका. का हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. 'नोंदवहीची प्रत द्या' असं मागा.

उजनी117

नोंदवह्यांची नेमकी नावं मी देतो. चुकीच्या नावाने मागितली की 'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. नमुने तपासणीची वही वेगळी, टाकीची वेगळी, तक्रारींची वेगळी.

विडीघरकुल

तक्रारींचा अर्ज माझ्या नावाने करा. आणि पाणी झालं की विडीचं घ्यायचं. आमच्या ओळीतल्या बायकांची पुस्तकं आहेत, छाट किती गेली ते त्यांत दिसतं. झेरॉक्सला मी बसते.

सात_रस्ता

बरं, एक अर्ज माझ्याही नावाने टाका. पण शब्द मोजून द्या बे. त्या दीडशेत 'महोदय' धरतात का?

वकीलबाई

'महोदय' सोडा, थेट नोंदवहीवर या.